सिल्व्हराडो पिकअपचं फोर व्हील ड्राइव्ह मॉड्यूल बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमध्ये पहिला बर्फ पडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा भाचा ओहायोत, कुणाचा मित्र कॅनडात, सगळ्यांकडे जुना पिकअप आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "फोर व्हीलचं मॉड्यूल गेलंय, कुठून घेऊ?" तेच प्रश्न परत परत येतात म्हणून ते एकत्र करून लिहितोय. हे सगळं १९९९ ते २००६ च्या शेवरोले सिल्व्हराडो १५०० आणि जीएमसी सिएरा १५०० बद्दल आहे, म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) ज्या पिढीला जीएमटी ८०० म्हणतात ती (२००७ ला "क्लासिक" नावाने विकलेले ट्रकही त्यातलेच). दुसरा ट्रक असेल तर शेवटून दुसरा प्रश्न वाचा.

हे मॉड्यूल म्हणजे नेमकं काय आणि ते करतं काय?

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, ती ताकद पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यांमध्ये) वाटते. पूर्वी हे काम खालचा लिव्हर ओढून करायचे, या ट्रकमध्ये तुम्ही डॅशवरचं बटण दाबता. बटण मॉड्यूलला, म्हणजे डॅशखाली बसवलेल्या छोट्या कंप्युटरला सांगतं, मॉड्यूल बघतं की गाडीचा स्पीड किती, गिअर कशात आहे, आणि मग ट्रान्सफर केसवर बसवलेल्या एका छोट्या मोटारला करंट देतं. मोटार आतला शाफ्ट फिरवते. मोटारच्या आत एक सेन्सर असतो, त्याला एन्कोडर म्हणतात, तो मॉड्यूलला सांगत राहतो की शाफ्ट आत्ता कुठे आहे. जागेवर पोचला की मॉड्यूल करंट बंद करतं, बटणाचा दिवा स्थिर लावतं आणि पुढच्या अ‍ॅक्सललाही जोडून घ्यायला सांगतं.

म्हणजे साखळी अशी आहे: बटण, मॉड्यूल, मोटार, एन्कोडर, पुढचा अ‍ॅक्सल, आणि या सगळ्यांमधल्या वायरी. कुठलीही कडी तुटली की वर दिसणारं लक्षण जवळपास सारखंच असतं, आणि नाव मात्र मॉड्यूलचं होतं.

माझ्या ट्रकमध्ये हे मॉड्यूल आहे का, आणि कुठलं?

जमिनीवर लिव्हर असेल तर नाहीये, तुमची ट्रान्सफर केस एनव्ही २६१ मॉडेलची आहे, मोटारबिटार काही नाही. तीन बटणं असतील (टू हाय म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात, फोर हाय म्हणजे चारही, फोर लो म्हणजे चारही पण हळू आणि जास्त जोराने) तर एनव्ही २६३. चार बटणं असतील, त्यात एक "ऑटो फोर डब्ल्यूडी", तर एनव्ही २४६, यालाच ऑटोट्रॅक म्हणतात.

पण नुसत्या बटणांवर जाऊ नका, जुन्या ट्रकमध्ये मागच्या मालकाने काय काय बदललेलं असतं सांगता येत नाही. ग्लोव्ह बॉक्स उघडा, आत एक पांढरा स्टिकर असतो आणि त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड. तिथे एनपी १ असेल तर तीन बटणांची सिस्टिम, एनपी ८ असेल तर ऑटोट्रॅक, एनपी २ म्हणजे लिव्हर. याचा फोटो काढून ठेवा, पुढे मॉड्यूल घेताना हाच लागतो.

"सर्व्हिस फोर डब्ल्यूडी" असा मेसेज आलाय. गाडी चालवू का?

ट्रक टू हाय मध्ये असेल, दिवा टू हाय चा स्थिर असेल आणि काही आवाज नसेल तर ऑफिसला जाऊन याल. फक्त बटणांशी खेळत बसू नका, कारण अर्धवट शिफ्ट झाली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला अडकू शकते आणि ते खरं धोक्याचं आहे ("न्यूट्रलमध्ये अडकला" हा प्रश्न खाली आहे, तो आजच वाचून ठेवा). फोर हाय मध्ये अडकला असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर लांब पल्ला नको. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला बघतात, फोर हाय त्यांना फिरू देत नाही, आणि तो सगळा ताण शाफ्ट आणि जॉइंटवर येतो.

बटणांचे दिवेच लागत नाहीत. मॉड्यूल गेलं ना?

बहुतेक वेळा नाही. चावी ऑन केली की सगळी बटणं क्षणभर लागून विझतात आणि चालू असलेलं एक उरतं, ही सिस्टिमची स्वतःची तपासणी आहे. एकही लागलं नाही तर आधी फ्यूज. दोन ठिकाणी बघा, बॉनेटखालचा बॉक्स आणि ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर डॅशच्या टोकाला दिसणारा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लाइटने (करंट असला की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा) दोन्ही टोकांना करंट येतो का ते तपासा.

फ्यूज ठीक असेल तर बटणांचा सेट. या ट्रकमध्ये आतले सोल्डरचे जोड वर्षानुवर्षं दाबून सुटतात आणि संपूर्ण सेट अंधारात जातो. बटणं काढायला सोपी आहेत, डॅशची चौकट ओढली की मिळतात, आणि मॉड्यूलच्या मानाने स्वस्त. मी माझ्या ओळखीतल्यांना आधी बटणांचा सेटच बदलून बघायला सांगतो, कुणाच्या चालू ट्रकमधला दहा मिनिटं उसना मिळाला तर अजूनच उत्तम.

दिवे लागतात, पण फोर हाय दाबलं की लुकलुकतं आणि परत टू हाय ला येतं. हे काय?

मॉड्यूल जिवंत आहे, शिफ्ट करायचा प्रयत्न करतंय आणि त्याला उत्तर मिळत नाहीये किंवा मिळालेलं पटत नाहीये. हे जवळपास नेहमी मोटारचं नाहीतर एन्कोडरचं लक्षण. कुणालातरी बटण दाबायला बसवा आणि तुम्ही खाली कान द्या (ट्रक सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडं). मोटारचा "झुंई" असा आवाज आला की मोटार फिरतेय, मग संशय एन्कोडरवर. काहीच आवाज नाही, तर मोटारपर्यंत करंट पोचतोय का हा पुढचा प्रश्न आणि तो "मॉड्यूलच गेलंय हे ठरवायचं कसं" मध्ये घेतलाय.

एक साधी गोष्ट लोक विसरतात, फोर लो ची अट वेगळी आहे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि गाडी थांबलेली किंवा ताशी ५ किलोमीटरपेक्षा हळू असेल तरच फोर लो लागतं. गाडी "डी" मध्ये ठेवून फोर लो दाबलं आणि दिवा लुकलुकला तर तो बिघाड नाहीये, सिस्टिम नीट काम करतेय.

माझ्याकडे ब्लूटूथवालं छोटं ओबीडी (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारी डबी) आहे, त्यात कोड दिसत नाहीत. म्हणजे फॉल्ट नाही?

तसं नाही. ती छोटी डबी बहुतेक फक्त इंजिनचे, म्हणजे "पी" ने सुरू होणारे कोड वाचते. या मॉड्यूलचे कोड "सी" ने सुरू होतात आणि ते जीएमच्या जुन्या एका वायरच्या क्लास २ नेटवर्कवर असतात. त्यासाठी जीएमचं टेक-२ किंवा जीएमचे चॅसिस कोड वाचू शकणारा चांगला स्कॅनर लागतो. विकत घ्यायची गरज नाही, शेजारच्या गॅरेजला फक्त कोड वाचायचे पैसे द्या आणि कागदावर लिहून आणा. "मॉड्यूल बदला" एवढंच सांगितलं तर ते निदान नाही, कोड मागून घ्या.

कोड मिळाले. कशाचा काय अर्थ?

जे सारखे येतात तेवढेच सांगतो. सी ०३२७ हा सगळ्यात जास्त, एन्कोडरच्या सर्किटमध्ये गडबड. हा कोड बघून मॉड्यूल विकत घेणारे मी किती बघितले, आणि दुखणं होतं खाली चिखलात बसलेल्या सेन्सरमध्ये. सी ०३०६ मोटारच्या दोन जाड वायरींच्या सर्किटचा. सी ०३८७ म्हणजे शिफ्ट करायला सांगितली पण झाली नाही. सी ०३७६ म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टचे स्पीड जुळत नाहीत, इथे टायर पण बघा (टायरचा प्रश्न खाली आहे).

आणि सी ०५५० हा मॉड्यूलचा स्वतःचा, त्याची आतली तपासणी नापास झाली. हा आला तरी लगेच खरेदीला पळू नका. बॅटरी मरतुकडी असेल तर आधी ती नीट चार्ज करा, बॅटरीचे टर्मिनल घासा, कोड पुसा, दोन-चार दिवस चालवा. परत आला, आणि एकटाच आला, तर मग मॉड्यूलवर बोट ठेवायला हरकत नाही.

मग मॉड्यूलच गेलंय हे ठरवायचं कसं?

मॉड्यूलला दोषी ठरवायचं तर त्याच्याकडे येणारं सगळं बरोबर आहे आणि त्याच्याकडून जाणारं चूक आहे हे दाखवता आलं पाहिजे, नुसता संशय पुरत नाही. मी असं करतो.

आधी येणारा करंट. मॉड्यूलच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) बॅटरीचा कायमचा करंट आणि चावी ऑन केल्यावरचा करंट, दोन्ही बघायचे, आणि नुसत्या मल्टिमीटरवर विसंबायचं नाही कारण गंजलेल्या वायरीतूनही मीटरला १२ व्होल्ट दिसतात, टेस्ट लाइट मात्र मंद जळतो. मग अर्थ, म्हणजे चॅसिसला जोडलेली मायनसची वायर (अर्थिंग). मल्टिमीटरची एक पिन मॉड्यूलच्या अर्थवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसवर, चावी ऑन, आणि मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर मॉड्यूल बिचारं निर्दोष आहे, चॅसिसवरचा अर्थचा बोल्ट काढा, घासा, परत लावा. इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, ड्रायव्हरच्या पायाखालच्या चॅसिसवरचे अर्थ कसे होतात ते एकदा खाली झोपून बघा म्हणजे कळेल.

मग जाणारा करंट. मोटारचा कपलर लावलेलाच ठेवून त्याच्या मागून दोन जाड वायरींना टेस्ट लाइट लावायचा, आणि माणसाला बटण दाबायला सांगायचं. एका बाजूला शिफ्ट होताना एका दिशेने करंट येतो, उलट शिफ्टला उलट दिशेने. लाइट पेटला आणि मोटार फिरली नाही तर मोटार मेली. लाइट पेटलाच नाही तर मॉड्यूल ते मोटार वायर तुटली आहे का ते बघा, कारण ही वायरिंग चॅसिसवरून जाते आणि घासते. दोन-तीन प्रयत्न फसले की मॉड्यूल प्रयत्नच सोडून देतं, म्हणून प्रत्येक टेस्टच्या आधी चावी बंद-चालू करा नाहीतर उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो.

येणारा करंट बरोबर, अर्थ बरोबर, बटणं बरोबर, वायर अखंड, आणि तरी मॉड्यूल करंट देत नाही, किंवा स्कॅनर सगळ्या मॉड्यूलशी बोलतो आणि फक्त याच्याशीच बोलत नाही. आता ते गेलंय.

मॉड्यूल जातं कशाने?

कारणं तीन दिसतात. पहिलं वय, आतले सोल्डरचे जोड गरम-थंड होऊन चिरतात, सकाळी थंडीत चालत नाही आणि दुपारी चालतं असं झालं तर हेच. दुसरं, अडकलेली मोटार जास्त करंट ओढते आणि मॉड्यूलमधला करंट देणारा भाग जळतो, ह्याबद्दल "परत तेच" वाल्या प्रश्नात बोललोय.

तिसरं पाणी, आणि याचा मला स्वतःला फटका बसला. माझ्या २००४ च्या ट्रकची पुढची काच तडकली म्हणून बदलून घेतली होती, बसवणाऱ्याने कोपऱ्यात सीलंट नीट लावलं नव्हतं आणि ते मला चार महिने कळलं नाही. पाऊस पडला की पाणी खांबाच्या आतून थेंब-थेंब खाली यायचं, डॅशच्या मागे, वरून काहीच दिसायचं नाही. नोव्हेंबरमध्ये फोर व्हील बंद. मॉड्यूल काढलं तर कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या. गॅरेजवाल्याने नवीन मॉड्यूलचं बिल करायची तयारी केली होती, पण त्याने पाणी कुठून आलं हे विचारलंच नाही, ते शोधलं नसतं तर पुढच्या पावसाळ्यात नवीन पण गेलं असतं. म्हणून तुमच्या मॉड्यूलच्या पिना हिरव्या किंवा पांढऱ्या दिसल्या तर आधी काच आणि कार्पेट हात लावून बघा, ओलं आहे का.

जंकयार्डमधलं जुनं मॉड्यूल चालेल का?

चालतं, मी स्वतः वापरलंय, पण जुळवाजुळव कडक हवी. एनपी १ ला एनपी १ च, एनपी ८ ला एनपी ८ च, आणि मॉड्यूलवरचा पार्ट नंबर तोच किंवा त्याच्या जागी जीएमने अधिकृतपणे दिलेला. दुसरी सीमारेषा वर्षाची: २००२ पर्यंतचे ट्रक एका बाजूला आणि २००३ पासूनचे दुसऱ्या बाजूला. २००३ ला या ट्रकची इलेक्ट्रिकल सिस्टिम बरीच बदलली. आधीचा एन्कोडर चार वायरींवरून चालू-बंद अशा खुणा पाठवायचा, नंतरचा एकाच वायरवर बदलता सिग्नल पाठवतो. त्यामुळे २००१ चं मॉड्यूल २००५ मध्ये कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

टाहो, युकॉन, सबर्बन, अ‍ॅव्हलांच या गाड्या याच पिढीच्या आहेत, त्यांच्यातही कोड आणि पार्ट नंबर जुळला तर मॉड्यूल मिळून जातं, त्यामुळे फक्त पिकअपच्या रांगेत शोधत बसू नका. काढताना पिना बघा, आणि ज्या गाडीतून काढताय तिचं कार्पेट ओलं असेल तर पुढच्या गाडीकडे जा.

बदलल्यावर प्रोग्रॅमिंग लागतं का?

नवीन कोरं मॉड्यूल घेतलं तर हो, त्यात तुमच्या ट्रकचा डेटा टेक-२ ने भरावा लागतो, डीलर करून देतो किंवा घरी येऊन करणारे फिरते टेक्निशियन पण असतात. तंतोतंत जुळणारं जुनं घेतलं तर साधारणपणे लावलं की चालतं, कारण त्यात डेटा आधीच आहे. इंजिनच्या मॉड्यूलसारखं चोरी-लॉकचं लफडं इथे नाहीये. ऑनलाइन "तुमचा चॅसिस नंबर द्या, प्रोग्रॅम करून पाठवतो" म्हणणारे विक्रेते असतात, तो पण एक रस्ता आहे, फक्त नंबर देताना एकेक अक्षर दोनदा तपासा.

घरी बदलता येईल का? कसं?

येईल. खरं सांगायचं तर बदलणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, अवघड भाग म्हणजे वरचं निदान.

ट्रक सपाट जागेवर, टू हाय मध्ये (जात असेल तर), हँडब्रेक ओढा, चाकाला लाकूड लावा. चावी काढून घ्या आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवा, मग काही मिनिटं थांबा, चहा प्या. थांबायचं कारण एअरबॅग. ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोरच्या भागात आणि स्टिअरिंगच्या खांबाजवळ पिवळे कपलर दिसतील, ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही, ओढायचं नाही, मीटर तर अजिबात लावायचा नाही.

मॉड्यूल ड्रायव्हरच्या बाजूला डॅशच्या खाली असतं. गुडघ्यासमोरचं प्लास्टिकचं पॅनल काढायचं, त्याला ७ मिमीचे स्क्रू आणि वर क्लिपा असतात. क्लिपा थंडीत तुटतात, त्यामुळे गॅरेज गरम असेल तर बरं, नाहीतर आधी हीटर लावून केबिन गरम करून घ्या. पॅनल काढल्यावर बॉनेटच्या लिव्हरची केबल वगैरे बाजूला करा, टॉर्च डोक्याला लावा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कपलर सोडवायच्या आधी फोटो काढा. कपलरचं लॉक दाबून कपलर धरून ओढायचा, वायर धरून नाही. मग मॉड्यूल ब्रॅकेटमधून निघतं.

नवीन बसवायच्या आधी दोन्हीचे पार्ट नंबर शेजारी ठेवून वाचा. कपलरच्या पिना बघा, एखादी मागे सरकलेली असेल तर ती आत्ताच ढकलून बसवा. कपलर "टक" होईपर्यंत दाबा. बॅटरी लावायच्या आधी पॅनल लावू नका, कारण काही चुकलं तर परत सगळं काढावं लागतं.

बसवलं. आता चाचणी कशी घेऊ?

बॅटरी जोडा, चावी ऑन करा, बटणांचे दिवे एकदा लागून एक स्थिर राहतोय का बघा. मग कोड पुसून घ्या. पुढची चाचणी खडीवर, गवतावर किंवा बर्फावर, डांबरावर नाही. हळू चालवत टू हाय मधून फोर हाय, ऑटोट्रॅक असेल तर ऑटो, मग परत टू हाय. थांबून, गिअर न्यूट्रल करून, फोर लो, आणि परत वर. प्रत्येक वेळी दिवा लुकलुकून स्थिर झाला की पुढचं. कडाक्याच्या थंडीत शिफ्टला वेळ लागतो, तेवढ्याने घाबरू नका.

नवीन मॉड्यूल घातलं, दोन आठवड्यांत परत तेच. नवीन पण खराब निघालं का?

निघू शकतं, पण जास्त शक्यता ही की ज्याने पहिलं मारलं त्यानेच दुसरं मारलं. मोटार जड झाली असेल तर ती प्रत्येक शिफ्टला जास्त करंट ओढते. मोटार काढून ट्रान्सफर केसचा शाफ्ट पान्याने हाताने फिरवून बघा. तो सहज फिरत असेल तर दोष मोटारचा, आणि तोच जाम असेल तर ट्रान्सफर केसच्या आत काम आहे, तिथे मॉड्यूल आणि मोटार कितीही बदला उपयोग नाही.

इथे ट्रान्सफर केसचं ऑइल पण बघा, आणि हे मी कळकळीने सांगतोय कारण यात पूर्ण केस जाते. या पिढीच्या केसमध्ये आतला ऑइल पंप हलून हलून मागच्या मॅग्नेशियमच्या कव्हरला घासतो आणि तिथे वरच्या बाजूला बारीक भोक पडतं. भोक वर असल्यामुळे पार्किंगमध्ये थेंबही पडत नाही, चालताना ऑइल बाहेर उडतं, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. मागे ट्रकच्या पोटाला ऑइलचा थर दिसला तर लगेच लेव्हल बघा. एनव्ही २४६ ला ऑटो-ट्रॅक २ नावाचं निळं ऑइलच घालायचं, घरात पडलेलं लाल गिअरबॉक्सचं ऑइल नाही, कारण त्यातली क्लचची प्लेट त्या ऑइलवरच नीट पकडते.

फोर हाय चा दिवा स्थिर लागतो, पण पुढची चाकं ओढतच नाहीत. मॉड्यूल?

दिवा स्थिर लागला म्हणजे ट्रान्सफर केसची शिफ्ट झाली. आता पुढच्या डिफ्रन्शियलवरचं अ‍ॅक्च्युएटर बघा. पुढच्या अ‍ॅक्सलची एक बाजू या ट्रकमध्ये एरवी सुटलेली असते आणि हे अ‍ॅक्च्युएटर ती जोडतं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतोय आणि चाकांना जोर नाही, तर ते जोडलं जात नाहीये. त्याचा कपलर मिठाने खाल्लेला असतो बऱ्याचदा, साफ करून बघा. करंट येतोय आणि ते हलत नाही तर बदला. करंटच येत नाही तर मग मॉड्यूल आणि वायरिंगकडे परत या.

ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकली, गाडी पुढे जात नाही. काय करू?

पहिलं काम, हँडब्रेक ओढा आणि चाकांना काहीतरी लावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असताना गिअर "पी" मध्ये टाकला तरी गाडी धरली जात नाही, उतारावर ती सरळ घरंगळते. हे माहीत नसल्यामुळे माणसं गाडीखाली गेली तर काय होईल याचा विचार करा, खाली शिरायच्या आधी हे नक्की करा.

मग चावी बंद करून थोडं थांबा, चालू करा, गिअर न्यूट्रलला, आणि टू हाय दाबून धरा. नाही झालं तर मोटारवर रबरी हातोड्याने हलके ठोकत परत दाबायला सांगा, अडकलेली मोटार कधी कधी सुटते. तेही नाही तर मोटार काढून शाफ्ट हाताने टू हाय ला फिरवायचा आणि घरी यायचं. मोटार परत लावताना शाफ्ट आणि मोटार दोन्ही एकाच पोझिशनला असली पाहिजेत, जबरदस्तीने बोल्ट आवळू नका.

एनपी १ वाल्या ट्रकला एनपी ८ चं मॉड्यूल आणि चार बटणं लावली तर ऑटो मिळेल का?

नाही. ऑटो हे बटणात नाहीये, ते ट्रान्सफर केसच्या आतल्या क्लचमध्ये आहे. एनव्ही २४६ मध्ये मोटार तो क्लच हळूहळू दाबते, मागची चाकं घसरली की पुढे ताकद जाते. एनव्ही २६३ मध्ये तो क्लचच नाही. ट्रान्सफर केस, मोटार, मॉड्यूल, बटणं, वायरिंग सगळं बदललं तर होईल, पण मग आधीच एनपी ८ असलेला ट्रक शोधणं परवडतं.

टायरचा आणि याचा काय संबंध?

मोठा आहे. मागे दोन नवीन टायर आणि पुढे दोन झिजलेले, असं असलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ रस्त्यावरही वेगळ्या वेगाने फिरतात. ऑटोट्रॅकला वाटतं चाकं घसरतायत, ते क्लच दाबत-सोडत राहतं, मोटार सतत काम करते, कोड येतात, आणि माणूस मॉड्यूल बदलतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले ठेवा, हवा पण सारखी.

माझी सिएरा डेनाली किंवा सिल्व्हराडो एसएस आहे, बटणंच सापडत नाहीत.

त्या पिकअपमध्ये ज्यांना ऑल व्हील ड्राइव्ह आहे त्यांत एनव्ही १४९ ही केस येते, ती आतल्या चिकट द्रवाच्या कपलिंगवर आपोआप चालते. तिला शिफ्टची मोटार नाही की हे मॉड्यूल नाही. यातलं फक्त ऑइल, पंपाचं भोक आणि टायर एवढं तुम्हाला लागू.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस, हायलक्स किंवा स्कॉर्पिओ गेटअवे आहे. हे सगळं लागू होतं का?

भाचे, पुतणे गावाकडून हे विचारतात म्हणून घेतलं. पार्ट नंबर, कोड, वर्षांच्या सीमा यातलं काहीही लागू नाही. तपासायचा क्रम मात्र तोच, कारण तिथेही डायल फिरवला की विजेवरच शिफ्ट होते: फ्यूज, डायल, अर्थ, मोटारपर्यंतची वायर, मोटार, आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. आपल्याकडे मिठाची जागा चिखल आणि पावसाचं पाणी घेतं, ओढ्यातून गाडी काढली असेल तर खालचे कपलर उघडून वाळवा. लिव्हरवाल्या बोलेरो कँपरला यातलं काही नाही.

गॅरेजवाला म्हणतो मॉड्यूल बदलल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नाही. मी काय उत्तर देऊ?

त्याला तीन गोष्टी विचारा: कोणते कोड मिळाले, मॉड्यूलच्या अर्थवर किती व्होल्ट दिसले, आणि बटण दाबल्यावर मोटारच्या वायरींवर करंट आला का. तिन्हींची उत्तरं देत असेल तर त्याच्याकडे काम द्या. देत नसेल तर चावी परत घ्या, ट्रक टू हाय मध्ये घरी आणा आणि वरच्या टेस्ट स्वतः करा, सोबत बटण दाबायला एक माणूस पुरतो.